सीटवर बसलेलं पाणी

किस्से म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅरीबॅगांसारखे असतात बघा. टाकवत नाहीत म्हणून एकीत एक कोंबत जायचं, आणि एक दिवस दुसरंच काहीतरी शोधायला कपाट उघडावं, तर सगळ्या अंगावर!

माझ्या कपाटातले निम्मे किस्से शेजारच्या अण्णांच्या घरचे आहेत. आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत. तिच्यावर कोपरं टेकून उभं राहायची मला लग्न होऊन सोलापुरात आल्यापासूनची सवय. आमचे हे म्हणतात, "भिंत त्यांनी बांधली, झिजवली तू!" म्हणू देत. दिवसभर मला चौकशीबाई म्हणायचं आणि संध्याकाळी चपला काढता काढता मलाच विचारायचं, "काय गं, अण्णांकडं कोण आलं होतं?"

अण्णा सरकारी नोकरीत होते. लष्कराच्या गाड्या तपासायचं एक केंद्र असतं, तिथं. केंद्राचं नाव लिहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते नीट सांगितलंही नाही कुणी. काम होतं रणगाड्यांचं. म्हणजे तोफ किती लांब मारते ते नव्हे. उद्या अणुबॉम्ब पडलाच, तर बाहेर जे किरण पसरतील, त्यातले किती आत बसलेल्या जवानांच्या अंगापर्यंत पोचतील, ते मोजायचं. गॅमा किरण म्हणतात त्यांना. दिसत नाहीत, वास नाही, चटका नाही, आणि एवढ्या जाड पोलादातूनसुद्धा थोडे आत येतातच.

अण्णांच्याच टीममध्ये युसुफभाई होते, रणगाडा चालवायला. तेही आमच्या मागच्या गल्लीतले. अण्णा मोजायचे, युसुफभाई हाकायचे. अण्णा तोंडातून शब्द मोजून काढणार, त्यामुळं यातलं बरंचसं मला युसुफभाईंनी आणि सुमनकाकूंनी सांगितलं. सुमनकाकू म्हणजे अण्णांच्या मिसेस.

होत्या.

*

मी नवी नवरी असताना काकूंना विचारलं होतं, "काकू, अण्णा नेमकं करतात तरी काय?"

काकू गच्चीवर कुरडया घालत होत्या. माहेर करकंबचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. त्यांनी हातातलं पातेलं उन्हात पालथं घातलं.

"हे बघ. आत ऊन जातंय का?"

"नाही."

"आता जरा येळानं हात घालून बघ. ऊब आली असंल का न्हाय? ती ऊब किती आली, ते हे मोजत्यात."

"पण सोलापुरात ऊन मोजायला माणूस कशाला लागतो?"

"हितं कुटं मोजत्यात? त्यासाठी पार राजस्थानच्या वाळवंटात जात्यात!"

"का? आपलं पुरत नाही?"

काकू इतक्या हसल्या की कुरडईचा साचा हातातून सुटला. पुढं कितीतरी दिवसांनी मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "पातेलं बरोबर आहे. फक्त आत हात घालायचा नसतो. म्हणून तर आम्ही बाहुले बसवायचो."

*

बाहुल्यांचं येतंच आहे. आधी करकंबचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दर तिसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना येतो. लेकीला आणि जावयाला माहेरी बोलवायचं, जोडीनं पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. काकूंचा धाकटा भाऊ तात्या, शेतकरी माणूस. महिना लागला की त्याचा फोन यायचाच. तेव्हा गल्लीत फोन आमच्याकडंच, म्हणजे मला ऐकावंच लागायचं.

"दाजी, औंदा तरी या की!"

"ट्रायल आहे रे तात्या. पुढच्या धोंड्याला नक्की."

हा 'पुढचा धोंडा' काही आला नाही. काकू एकट्या जायच्या. जोडीचा मांडलेला दुसरा पाट उचलून भिंतीला उभा करायचा. वाण घेऊन एसटीनं परत यायच्या आणि अनारशांचा डबा तिकडं वाळवंटात ट्रायलला, म्हणजे त्या चाचणीला, जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायच्या.

एकदा तो डबा युसुफभाईंच्या हाती गेला. मुंग्या लागू नयेत म्हणून त्यांनी तो रणगाड्यात आपल्या सीटखाली सरकवला, आणि विसरले! रणगाड्याची झाकणं बंद झाली, माणसं लांब आडोशाला गेली, किरणांचा सोर्स शिशाच्या डब्यातून दोरीनं वर काढला, मोजमाप झालं. झाकण उघडलं तर आत अनारशांचा डबा!

कुणी हात लावेना. सगळी शिकलेली माणसं, पण किरणांतून निघालेला अनारसा म्हटल्यावर भीती वाटतेच की! अण्णा रणगाड्याच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यावर बसले, डबा मांडीवर घेतला आणि खायला लागले. "किरण आले आणि गेले. एक्स-रे काढल्यावर माणूस रात्री चमकतो का? अनारशात काही राहत नाही."

युसुफभाई सांगायचे, "आधा डब्बा खतम होने तक हम सब डरके देखते बैठे. बाद में समझा मेरेकू, ये हमना समझा नै रहा, ये खा रहा!"

मी पोट धरून हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "खाताना ह्यांच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"कोई नै भाभी. अकेलाच."

"धोंड्याचं वाण एकट्यानं खायचं नसतंय," काकू म्हणाल्या आणि कप विसळायला आत गेल्या.

*

तर बाहुले.

रणगाड्यात जिवंत माणूस बसवून तर मोजता येत नाही. म्हणून माणसाच्या आकाराचे प्लॅस्टिकचे बाहुले. न्यायचे रिकामे आणि जागेवर पोचलं की पाण्यानं भरायचे, कारण माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. मग त्यांच्या छातीवर, पोटावर मीटर लावायचे आणि ज्याच्या त्याच्या सीटवर बसवायचे. चालकाच्या सीटवरच्या बाहुल्याचं नाव टीमनं पैलवान ठेवलं होतं.

हे बाहुले ट्रकमधून जाताना धक्क्यानं तडकायचे. अण्णांचा जीव मोठा त्यांच्यावर. एका खेपेला त्यांनी पैलवानाला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, उन्हानं प्लॅस्टिक तापू नये म्हणून डोक्यावर टोपी घातली, आणि स्वतः मागं बसले. वाटेत धाब्यावर गाडी थांबली. वेटरनं बाहेरच्या टेबलावर सगळ्यांना चहा दिला आणि एक कप नेऊन जीपच्या खिडकीत धरला.

"साहेब, चहा."

साहेब गप्प.

"साहेब, साखर कमी करून आणू?"

साहेब समोर बघतायत.

वेटर घाबरून युसुफभाईंकडं आला. "साहेब रागावलेत का?"

युसुफभाई म्हणाले, "रोजा है साब का."

ते ऐकून मालक गल्ल्यावरून उठून आला, जीपसमोर हात जोडून उभा राहिला आणि परत येऊन अण्णांना हळूच म्हणाला, "इतकी वर्षं हॉटेल चालवतोय. काहीच न मागणारा साहेब आज पहिल्यांदा बघितला!"

आमच्या ओट्यावर हा किस्सा सांगून झाला तेव्हा सगळी गल्ली हसत होती. काकूंनी तोंडाला पदर लावला होता. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "बघ की. बाहुल्याला पुढच्या सीटवर बसवून न्हेलं. आन मला दर टायमाला येष्टीत बसवून दिलं."

*

दुसरा किस्सा कॅनचा. हा युसुफभाईंचा लाडका, दर वर्षी थोडा मोठा व्हायचा. मी मूळचाच सांगते.

त्या दिवशी वाळवंटात इतकं ऊन की एक बाहुला शिवणीतच फाटला. पाणी वाळूत. रणगाड्यातली एक सीट रिकामी. टीमचे साहेब म्हणाले, "एक गेला तर गेला. बाकीच्यांचं मोजा, उशीर होतोय."

मोजलं. तर रिकाम्या सीटच्या शेजारी जो बाहुला होता, त्याचं रीडिंग आदल्या दिवसापेक्षा जास्त! मीटर बदललं, पुन्हा मोजलं, तरी तेच. सोर्स तोच, पोलाद तेच, मग किरण वाढले कुठून? सगळे कपाळाला हात लावून बसले. अण्णा एकटेच उठले, टीमचा पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलला, आत नेऊन त्या रिकाम्या सीटवर ठेवला आणि वर पट्टा आवळला. झाकण बंद. मोजलं.

शेजाऱ्याचं रीडिंग खाली आलं!

पण आता मोजणी एकदा सुरू झाली की मध्ये झाकण उघडता येत नाही. ऊन डोक्यावर, सगळ्यांच्या घशाला कोरड. साहेबांनी ओठावरून जीभ फिरवत विचारलं, "पाणी कुठाय रे?"

युसुफभाई ताठ उभे राहून म्हणाले, "ड्यूटी पे है, साब!"

मी नंतर अण्णांना भिंतीवरून विचारलं होतं, असं खरंच होतं का. ते म्हणाले, "होतं. शेजारी माणूस बसलेला असला की तेवढा आडोसा होतो. थोडाच, पण होतो. त्याचं त्यालाही ठाऊक नसतं."

"आणि तो उठून गेला तर?"

"तर शेजारच्याला लागतं. म्हणून त्या दिवसापासून आमच्यात पद्धतच पडली. बाहुला कमी पडला तर कॅन ठेवायचा. सीट रिकामी ठेवून चालत नाही."

मी मटार सोलत होते. "बरं बरं," म्हटलं आणि शेंगा घेऊन आत गेले. तेव्हा काय कळतंय!

*

आता बिल्ल्याचं ऐका. हा किस्सा मी हसत सांगायला सुरुवात करते, पण शेवटपर्यंत हसत पोचत नाही.

किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्यात फिल्म असते. अंगावर किरण किती पडले ते फिल्मवर उमटतं. दर काही महिन्यांनी ती तपासायला जाते. बिल्ला घरी आणायचा नसतो. पण एकदा थंडीत अण्णा दोन दिवस सुट्टीला आले आणि बिल्ला स्वेटरच्या आतल्या खिशात तसाच. त्यात त्यांना अर्ध्या सुट्टीतून बोलावणं आलं. स्वेटर खुंटीवर राहिला आणि अण्णा गेले.

काकूंना तेव्हा खोकला धरला होता. अण्णा असताना पदरात तोंड खुपसून खोकायच्या. ते गेल्यावर ताप चढला. मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हुडहुडी भरली होती म्हणून काकूंनी खुंटीवरचा अण्णांचा स्वेटर अंगात चढवला होता. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. तिथल्या माणसानं गळ्यातलं तेवढं काढायला लावलं, थंडी बघून स्वेटर राहू दिला. छातीत कफ निघाला. औषधं दिली. येताना काकूंनी माझा हात धरला, "ह्यांना सांगायचं न्हाय हां. ट्रायल चालू हाय."

त्या आठवड्यात युसुफभाई तिकडं ट्रायलला चालले होते, अण्णांनी निरोप पाठवला होता म्हणून त्यांनी स्वेटरमधून बिल्ला काढून बरोबर नेला.

आणि मग अण्णांना ऑफिसात बोलावणं! "तुमच्या फिल्मवर उमटलंय. हे आपल्या सोर्सचं नाही. दवाखान्यातल्या एक्स-रेचं दिसतंय. कधी काढलात एक्स-रे?"

"मी काढलाच नाही," अण्णा म्हणाले. युसुफभाई शेजारीच होते. त्यांनी सांगितलं, अण्णा एवढं बोलला, मग खुंटीवरचा स्वेटर आठवला असणार, एकदम उठून फोन शोधत गेला.

फोन आमच्या घरी वाजला. मी काकूंना हाक मारली. रिसीव्हरमधला आवाज मला ऐकू येत होता, कारण मी काकूंच्या खांद्यापाशीच उभी होते.

"एक्स-रे कुणी काढला?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"मी. कफ झाला होता. आता बरी हाय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाय."

फोनमध्ये नुसती खरखर. मग काकू अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "बरं झालं. तुमच्या बिल्ल्यानं तरी इचारलं."

*

अण्णा रिटायर झाले त्या संध्याकाळी घरी पेढे, चहा. गल्ली जमली होती. मी मोठ्या माणसासारखं विचारलं, "अण्णा, एवढी वर्षं त्या किरणांजवळ काढलीत, तुम्हाला कसं काही झालं नाही?"

अण्णा खुशीत होते. बोटं मोजत म्हणाले, "तीन नियम. कडक पाळायचे. जवळ थांबायचा वेळ कमीत कमी. अंतर जास्तीत जास्त. आणि मध्ये आडोसा. तीन पाळले की काही धोका नाही."

काकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"खरं हाय," म्हणाल्या. "ह्यांनी तिन्ही नेम घरात बी पाळले."

लोक हसले. हसणारच, वाक्यच तसं होतं. युसुफभाई हसले नाहीत, त्यांनी हातातल्या पेढ्याकडं बघितलं. आणि अण्णांची तीन बोटं वर होती ती तशीच वर राहिली.

पुढच्याच महिन्यात अण्णांनी गाडी घेतली.

*

गाडी छोटी, लाल, जुनी घेतलेली. आता गंमत अशी की आयुष्य रणगाड्यांत गेलं, पण अण्णांना स्टिअरिंग धरायची सवयच नव्हती! शिकवायला युसुफभाई. गल्लीत सगळी पोरं, कुत्री, भाजीवाल्या बाजूला. युसुफभाई घामाघूम होऊन खाली उतरायचे आणि मला म्हणायचे, "रणगाडा सिखाना आसान है, बाई. सामनेवाले खुद हट जाते!"

अण्णा शिकले. पण त्यांचं सगळं पद्धतशीर. आधी गल्ली, मग कॉलनीचा चौक. पूर्ण हात बसल्याशिवाय काकूंना घेऊन रस्त्यावर जायचं नाही. तोवर संध्याकाळी दोघं पोर्चमध्ये उभ्या गाडीतच बसायचे! इंजिन बंद, काचा खाली, डॅशबोर्डवर चहाचे दोन कप. काकू पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन. अगदी कुठं निघाल्यासारख्या.

अण्णा वाकून त्यांचा पट्टा लावायचे.

"अवो, गाडी बंद हाय की! पदर चुरगाळतोय माझा."

"सवय असू दे."

मी भिंतीवरून विचारायचे, "काय काकू, कुठवर पोचलात?"

"मोहोळ सोडलं बघ आत्ताच!" काकू म्हणायच्या.

हात बसला तरी जाणं लांबतच होतं. एकदा काकू म्हणाल्या तेही मी ऐकलं. "चला की आज. जाऊन येऊ करकंबला. तात्या काय हाकलून देतोय?"

"येत्या उन्हाळ्यात धोंडा आहे," अण्णा म्हणाले. "एकदाही जावई म्हणून गेलो नाही. आता जायचं ते रीतीनं जाऊ. जोडीनं पाटावर बसू."

"तवर?"

"तवर इथं बसू."

काकूंनी चहाचा घोट घेतला. "बरं," म्हणाल्या.

संक्रांतीच्या आधी एके सकाळी काकू चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच खाली बसल्या. अण्णांची हाक आली तशी घासायची भांडी टाकून मी भिंतीवरून पलीकडं गेले. दारात रिक्षा उभी होती, तीतच घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

लाल गाडी पोर्चमध्ये होती. त्या गाडीतून काकू फाटकाच्या बाहेर कधी गेल्याच नाहीत.

*

त्यानंतर अण्णांनी गाडीवर खोळ घातली. पुण्याला दिलेली त्यांची लेक सारखी फोन करायची, बाबा इकडं या. अण्णा "बघू" म्हणायचे. संध्याकाळी पोर्चच्या पायरीवर बसायचे. मी चहा न्यायची, तो तसाच गार. मला काय बोलावं सुचायचं नाही, म्हणजे बघा!

उन्हाळा आला. धोंडा लागला. आता फोन कुणाचा येणार, असं माझ्या मनात आलं आणि अण्णांचा मोबाइल वाजला.

"दाजी, औंदा तरी या की!"

अण्णांनी घसा साफ केला. "अरे तात्या, आता कसला जावई मी..."

फोन स्पीकरवर नव्हता, पण तात्याचा आवाज शेतातून हाक मारावी तसा. "ताई गेली म्हनून दाजी गेला काय? मालन कालपासनं पुरनाची डाळ निवडून बसली हाय. तुमी या."

अण्णांनी मोबाइल खिशात ठेवला आणि खोळ घातलेल्या गाडीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची खोळ निघाली. मी येते म्हटलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण असल्या वेळी बोलावण्याची वाट बघत नसतात. युसुफभाईही आले, "इसके हाथ का भरोसा नै," म्हणत. मी पुढचं दार उघडलं आणि थांबले.

पुढच्या सीटवर पाण्याचा कॅन होता. पांढरा, गळ्यापर्यंत भरलेला. त्याच्यावरून पट्टा नीट आवळून लावला होता.

"तुम्ही मागं बसा," अण्णा म्हणाले.

मी युसुफभाईंकडं बघितलं. युसुफभाईंनी हळूच माझ्या हातातलं दार लावून घेतलं.

मोहोळच्या अलीकडं पोलिसानं गाडी अडवली. तरणाच होता. आधी कॅन बघितला, मग मला. "काय वो काका, कॅनला बेल्ट आन मागं मावशीला न्हाय?"

मी घाईघाईनं माझा पट्टा शोधायला लागले.

"आन कॅनला कशाला लावलाय?"

"ट्रायल चालू है, साब," युसुफभाई मागून म्हणाले.

"कसली ट्रायल?"

अण्णा समोर बघतच म्हणाले, "सीट रिकामी ठेवून चालत नाही."

पोलिसानं अण्णांच्या तोंडाकडं बघितलं. काय कळलं त्याला कुणास ठाऊक. हात वर केला आणि म्हणाला, "सावकाश जावा, काका."

मोहोळ सुटलं. अण्णांनी काच थोडी खाली केली. पंढरपूरच्या पुढं उसाचे फड लागले.

करकंबला तात्या रस्त्यावरच येऊन उभा होता. वाकून पाया पडला, अण्णांचा हात धरून आत नेलं. सोप्यात तात्याच्या बायकोनं, मालनवहिनींनी, पाट मांडले होते, भोवती रांगोळी. एक नव्हे, दोन. दर तिसऱ्या वर्षी हात जसे मांडत आले तसेच मांडले असणार. अण्णा पाटावर बसले तेव्हा मालनवहिनींच्या लक्षात आलं. जीभ चावली आणि दुसरा पाट उचलायला खाली वाकल्या.

"राहू द्या," अण्णा म्हणाले.

उठले, बाहेर गेले. गाडीचं दार वाजलं. आत आले ते दोन्ही हातांनी कॅन पोटाशी धरून. उंबऱ्यापाशी दम लागला म्हणून थांबले, तात्या धरायला पुढं झाला, त्याला मानेनंच नको म्हणाले. कॅन दुसऱ्या पाटावर ठेवला. जरासा फिरवून सरळ केला. मग आपल्या पाटावर बसले.

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मी युसुफभाईंकडं. युसुफभाई छपराकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा मी काही विचारलं नाही.

 मालनवहिनी आत गेल्या. मला वाटलं, डोळे पुसायला. बाहेर आल्या त्या हातात कुंकवाचा करंडा घेऊन. कॅनसमोर गुडघ्यावर बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि त्या पांढऱ्या प्लॅस्टिकला आधी हळद लावली, मग कुंकू. समोरच्या ताटात एक धोंडा वाढला, वर तुपाची धार सोडली.

आणि म्हणाल्या, "लई उशीर केला, वन्सं."